तिसाकाठचं सेगेद आणि मण्यांची दोरी

बालमित्रांनो, दप्तरातला अ‍ॅटलास काढा आणि युरोपचं पान उघडा. साधारण मधोमध हंगेरी नावाचा देश सापडेल. त्याला समुद्र नाही. राजधानी बुडापेस्ट, डॅन्यूब नदीवर. तिथून बोट खाली, दक्षिणेकडे सरकवा. सर्बिया आणि रुमानिया या दोन्ही देशांच्या सीमा जिथे अगदी जवळ येतात, तिथे तिसा नदीच्या काठी एक ठिपका दिसेल. त्याचं नाव सेगेद.

आज आपल्याला सेगेदला जायचंय. आणि तिथून पुढे अशा एका ठिकाणी, जिथे एसटी जात नाही, आगगाडी जात नाही आणि विमानही उतरत नाही. ते ठिकाण म्हणजे तुमच्या-माझ्या शरीरातली पेशी. सेगेदमार्गेच का जायचं, ते वाटेत कळेल.

बुडापेस्टहून आगगाडीने अडीच तासांच्या आसपास लागतात. खिडकीतून डोंगर दिसेल म्हणून वाट पाहू नका, सगळा सपाट मैदानी प्रदेश आहे. गहू, मका, सूर्यफुलं. आणि सेगेद जवळ आलं की लाल मिरची! तिला पॅप्रिका म्हणतात. मिरच्या दोऱ्यात ओवून त्यांच्या माळा घराच्या भिंतींवर वाळत घालायची तिकडे जुनी पद्धत आहे. मग त्यांची पूड होते आणि ती माशांच्या कालवणात पडते. कालवण दिसायला इतकं लालभडक, की आपण पाण्याचा तांब्या जवळ ओढावा. पण ही मिरची आपल्या लवंगी मिरचीसारखी झोंबत नाही. मिरचीचं हे कौतुक उगीच करत नाही बरं का, तिचं पुढे काम आहे.

शहरात शिरलं की रस्ते पाहून गंमत वाटते. नदीला दोन्ही टोकं टेकवलेले कमानीसारखे वळणदार रस्ते, आणि त्यांना छेदत मध्यभागाकडे जाणारे सरळ रस्ते. जणू कंपास घेऊन कुणी कागदावर काढावेत! तसंच झालंय. १८७९ साली १२ मार्चच्या रात्री तिसाचा बांध फुटला आणि पाणी शहरात घुसलं. पावणेसहा हजारांच्या आसपास घरं होती, त्यांतली तीनशेही उभी राहिली नाहीत. दीडशेच्या आसपास माणसं गेली. मग देशोदेशींहून मदत आली, भराव घालून जमीन उंच केली आणि कोऱ्या पाटीवर काढावं तसं अख्खं शहर नव्याने आखलं. बाहेरच्या मोठ्या वळणरस्त्याच्या एकेका तुकड्याला मदत करणाऱ्या राजधान्यांची नावं दिली: रोम, ब्रसेल्स, पॅरिस, लंडन, बर्लिन, व्हिएन्ना, मॉस्को. म्हणजे सेगेदमधला मुलगा शाळेला जाताना पॅरिसमधून निघून लंडनमध्ये शिरू शकतो!

नदीपासून जवळच दोन उंच मनोऱ्यांचं, विटांचं मोठं चर्च आहे. शहर पुन्हा उभं राहिलं तर हे बांधू, असा पुरानंतर गावाने संकल्प सोडला होता. नवसाचं देऊळच म्हणा ना. ते पूर्ण व्हायला १९३० साल उजाडलं. त्याच्यासमोर मोठा चौक आणि चौकाभोवती विद्यापीठाच्या इमारती. आपल्याला यांतल्याच एका इमारतीत, वैद्यकीय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत जायचंय.

तिथले प्रमुख होते अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी. हे प्रोफेसर मोठे वल्ली! ‘क’ जीवनसत्त्वाच्या कामासाठी त्यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळालं, पण ते जीवनसत्त्व भरपूर मिळालं कशातून? त्या मिरचीतून. एका रात्री बायकोने जेवणात ताजी पॅप्रिका वाढली. त्यांना ती खायची नव्हती आणि ‘नको’ म्हणायचा धीर होत नव्हता. म्हणून ‘हिच्यावर प्रयोग करतो’ असं सांगून ते मिरची घेऊन प्रयोगशाळेत सटकले. ही हकीगत त्यांनी स्वतःच सांगितली आहे. (घरी दोडक्याच्या भाजीच्या वेळी ही युक्ती करू नका. तुमच्या घरी प्रयोगशाळा नाही.)

नोबेल मिळालं तरी गडी स्वस्थ बसला नाही. आता त्यांनी नवा प्रश्न घेतला. आपण हात वाकवतो तेव्हा दंडातला स्नायू आखूड होतो. तो आखूड होतो म्हणजे नेमकं काय होतं?

स्नायूत मायोसिन नावाचं प्रथिन असतं हे तेव्हा ठाऊक होतं. पेशीत कामाला लागणारी शक्ती एटीपी नावाच्या छोट्या रेणूत साठवलेली असते. चावी भरलेलं खेळणं जसं, तसा तो चावी भरलेला रेणू. १९३९ साली मॉस्कोच्या एंगेलहार्ट आणि ल्युबिमोव्हा या पती-पत्नींनी दाखवलं, की मायोसिन या एटीपीला फोडतं. म्हणजे खेळण्याची चावी मायोसिनच सोडतं! हे वाचून सेगेदची मंडळी कामाला लागली.

प्रयोगशाळेत इलोना बांगा नावाच्या संशोधक होत्या. सशाचा स्नायू बारीक करून खारट पाण्यात वीस मिनिटं ठेवला, की पातळ द्राव निघायचा. तोच लगदा रात्रभर तसाच राहू दिला, तर सकाळी द्राव खळीसारखा घट्ट! त्यात एटीपी घातलं की घट्टपणा एकदम कमी व्हायचा. रात्रीत असं काय उतरलं होतं पाण्यात?

मग त्यांनी त्या घट्ट द्रावाची बारीक धार पाण्यात सोडली. सोऱ्यातून शेव पडावी तसे त्याचे तंतू झाले. ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून वर स्नायूचा उकळून काढलेला रस घातला. या रसात एटीपी असतं. आणि तो तंतू सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आखूड झाला!

जरा थांबून विचार करा. तो ससा नव्हता, सशाचा पाय नव्हता, जिवंत स्नायूही नव्हता. काचेच्या पट्टीवर नुसती दोन-तीन रसायनं होती आणि ती हलली. हालचाल म्हणजे जिवंतपणाची खूण असं आपण म्हणतो ना? ती खूण शरीराबाहेर पहिल्यांदा दिसत होती. हा आपल्या आयुष्यातला सगळ्यांत थरारक क्षण होता, असं नोबेल मिळवलेल्या सेंट-ज्यॉर्जींनी पुढे लिहून ठेवलं.

रात्रभरात उतरणारी ती चीज शोधून काढायचं काम ब्रुनो स्ट्राउब या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाकडे आलं. त्याने आधी मायोसिन काढून टाकलं, उरलेला चोथा अ‍ॅसिटोनने सुकवला आणि मग तो नुसत्या पाण्यात भिजवला. पाण्यात एक नवंच प्रथिन उतरलं. ते मायोसिनला चालना देतं, म्हणून त्याचं नाव ठेवलं अ‍ॅक्टिन. साल १९४२. या अ‍ॅक्टिनची एक खोड स्ट्राउबच्या लगेच लक्षात आली. साध्या पाण्यात ते पातळ राहायचं, पण मीठ घातलं की सगळं पाणी घट्ट व्हायचं. ही खोड लक्षात ठेवा, तीच आपलं पेशीत जायचं तिकीट आहे.

पण ही सगळी वर्षं होती दुसऱ्या महायुद्धाची. हंगेरी १९४१ साली जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरली होती. परदेशांत निबंध पाठवायची सोय नव्हती, म्हणून सेगेदकरांनी आपले निबंध इंग्रजीत लिहून आपल्याच गावात पुस्तिकेसारखे छापले. सेंट-ज्यॉर्जी नाझींच्या विरोधात. १९४३ साली ‘व्याख्यानाला जातो’ म्हणून ते इस्तंबूलला गेले आणि तिथे त्यांनी दोस्त राष्ट्रांशी गुप्तपणे बोलणी केली. बातमी फुटली. १९४४ साली जर्मन फौजा हंगेरीत आल्या आणि नोबेलविजेत्याला गेस्टापोपासून लपतछपत राहावं लागलं. इकडे प्रयोगशाळेत इलोनाबाई ठाण मांडून होत्या. सैनिक येऊन उपकरणं उचलून नेतील, म्हणून त्यांनी दारावर पाटी लावली, की इथे संसर्गजन्य रोगांवर काम चालतं. सैनिक आत शिरले नाहीत, असं सांगतात. मला विचाराल तर या गोष्टीतली सगळ्यांत हुशार व्यक्ती हीच!

युद्ध संपल्यावर त्या पुस्तिका जगभर पोचल्या. सेंट-ज्यॉर्जी १९४७ साली अमेरिकेला गेले. स्ट्राउब हंगेरीतच राहिले आणि १९८८-८९ मध्ये चक्क त्या देशाचे राष्ट्रप्रमुख झाले! सशाच्या स्नायूचा चोथा भिजवणारा मुलगा राष्ट्रप्रमुख. सेगेद विद्यापीठाचं नाव अलीकडेही गाजलं. कोरोनाच्या लसींमागच्या शोधासाठी २०२३ चं नोबेल मिळवणाऱ्या कातालिन कारिको इथेच शिकल्या.

आता चला आत. मीठ घातल्यावर अ‍ॅक्टिनचं पाणी घट्ट का होतं, ते आतून पाहू.

अ‍ॅक्टिनचा एक रेणू म्हणजे एक मणी समजा. ३७५ अमिनो आम्लांची माळ गुंडाळून झालेला हा मणी इतका लहान, की एक मिलिमीटर लांबीत असे पावणेदोन लाखांहून जास्त मणी ओळीने बसतील. मण्याच्या मधोमध एक खाच आहे आणि खाचेत एटीपीचा एक रेणू अडकलेला असतो. प्रत्येक मणी आपापली चावी भरून आलेला!

योग्य प्रमाणात क्षार मिळाले की हे मणी एकमेकांना चिकटू लागतात. त्यांच्या दोन माळा होतात आणि एकमेकींभोवती पीळ घालतात. दोन पेडांची सुतळी पाहिलीय ना? अगदी तशी. फक्त जाडी ७ नॅनोमीटर, म्हणजे अशा दहा हजार सुतळ्या शेजारी शेजारी मांडल्या तर आपल्या एका केसाच्या जाडीइतक्या होतील. पाण्यात असे लांब लांब धागे झाले की ते एकमेकांत गुंततात आणि पाणी घट्ट होतं. स्ट्राउबने पाहिलं ते हे.

सुतळीची सुरुवात मात्र अवघड असते. दोन मणी जुळले तरी क्षणात सुटतात. तिसरा येऊन बसला की मग जमतं. चुलीचं पाहा ना, दोन दगडांवर पातेलं राहत नाही, तिसरा दगड लागतोच. ही ‘चूल’ एकदा मांडली गेली, की पुढचे मणी भराभर येऊन बसतात. चूल मांडायला जो वेळ लागतो ना, त्यानेच पेशीला फायदा होतो. नाहीतर आत जिकडेतिकडे सुतळ्याच सुतळ्या झाल्या असत्या! चूल कुठे आणि कधी मांडायची ते ठरवणारी वेगळी प्रथिनं पेशीजवळ आहेत.

आणखी एक गोष्ट. सगळे मणी एकाच दिशेला तोंड करून बसतात. त्यामुळे सुतळीची दोन टोकं सारखी नसतात. एका टोकाला मणी झपाट्याने बसतात, दुसऱ्याला रमतगमत. मणी बसला, की थोड्या वेळाने त्याच्या खाचेतल्या एटीपीमधून फॉस्फेटचा एक तुकडा सुटतो. चावी उतरली! चावी उतरलेल्या मण्याची पकड ढिली होते. म्हणून पुढच्या, वेगवान टोकाला नवे मणी बसत असतात आणि मागच्या टोकाचे जुने मणी गळत असतात. गळलेल्या मण्याच्या खाचेत पुन्हा नवं एटीपी बसतं आणि तो पुन्हा पुढे लागायला तयार.

हे नुसतं वाचून कळत नाही, खेळून कळतं. दहा जणांनी एकामागे एक रांगेत उभं राहायचं. सर्वांत मागच्याने पळत जाऊन सर्वांत पुढे उभं राहायचं. मग त्याच्यानंतर जो मागे उरेल त्याने. रांगेत उभा असलेला कुणीही पाऊल उचलत नाही, रांगेची लांबी दहाचीच राहते, पण रांग पुढे पुढे जाते! आमच्या चौथीच्या वर्गाने मधल्या सुट्टीत अशी रांग नळापासून फाटकापर्यंत नेली. अ‍ॅक्टिनची सुतळी हेच करते. १९७६ साली आल्ब्रेख्त वेग्नर या शास्त्रज्ञाने अ‍ॅक्टिनची ही रीत दाखवून दिली.

आता प्रश्न येईल, बांधायचं आणि मोडायचं, मग पुन्हा बांधायचं, यात मिळतं काय? स्नायूत तर असं फारसं चालत नाही. तिथल्या अ‍ॅक्टिनच्या सुतळ्या ठरावीक मापाच्या असतात आणि मायोसिन त्यांना धरून ओढतं. सुतळी आखूड होत नाही, सरकते. हे १९५४ साली उलगडलं, आणि तेही हक्सली आडनावाच्या पण एकमेकांचे कुणी न लागणाऱ्या दोन शास्त्रज्ञांच्या दोन वेगवेगळ्या गटांकडून!

पण अ‍ॅक्टिन फक्त स्नायूत नसतं. अमिबात असतं, झाडांत असतं, बुरशीत असतं. १९६६ साली हातानो आणि ओसावा या जपानी शास्त्रज्ञांनी ते ओल्या लाकडांवर सरपटणाऱ्या एका चिकट बुरशीसारख्या जीवातून वेगळं करून दाखवलं. त्याला ना हात, ना पाय, ना दंड. पण सरकतो ना? मग अ‍ॅक्टिन हवंच.

बांधणं-मोडणं कामाला येतं ते सरकणाऱ्या पेशीत. तुम्ही सायकलवरून पडता, गुडघा सोलवटतो. आई हळद लावते, तुम्ही बोंब ठोकता. तेवढ्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी जखमेकडे निघालेल्या असतात. अशी एक पेशी घेऊ आणि तिच्या पुढच्या काठावर उभं राहू. पाहा, पेशीच्या पातळ पडद्याच्या आत जंगलासारखं दाट जाळं आहे. सात प्रथिनांची एक टोळी, तिचं नाव आर्प २/३, जुन्या सुतळीच्या अंगावर बसते आणि तिथून नवी फांदी फोडते. कंपासपेटीतला कोनमापक काढा, फांदीचा कोन सुमारे ७० अंश भरेल. फांदीला फांदी, तिलाही फांदी. सगळ्यांची वेगाने वाढणारी टोकं पडद्याकडे. मणी बसत जातात तसतसा पडदा पुढे ढकलला जातो. मागे कोफिलिन नावाचं प्रथिन जुन्या सुतळ्यांचे तुकडे पाडतं, आणि प्रोफिलिन नावाचं दुसरं सुट्या मण्यांना नवी चावी मिळवून देऊन पुन्हा पुढे धाडतं. पेशी आपल्यासाठी रस्ता टाकते आणि मागचा उखडून तीच खडी पुढे वापरते.

वेग किती? मिनिटाला साधारण १० मायक्रोमीटर. एक मिलिमीटर जायला दीड तासाहून जास्त. गोगलगाय तिच्यापुढे हरीण वाटेल. पण पेशीच्या मापाने पाहा. ती मिनिटभरात जवळजवळ स्वतःच्या लांबीइतकं अंतर जाते आणि जंतूला गाठते. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या वँडरबिल्ट विद्यापीठात डेव्हिड रॉजर्स यांनी अशा पाठलागाची फिल्म घेतली. लाल पेशींच्या गर्दीतून वाट काढत पांढरी पेशी एका जंतूमागे लागलीय, तो वळला की ही वळते, आणि शेवटी गट्ट! शिवाशिवीचा इतका चुरशीचा डाव मी तरी दुसरा पाहिला नाही.

हा डाव जमला नाही तर? १९३७ साली, म्हणजे सेंट-ज्यॉर्जींना नोबेल मिळालं त्याच वर्षी, म्युनिकचे डॉक्टर आल्फ्रेड विस्कॉट यांनी तीन भावांबद्दल लिहिलं. तिघांनाही रक्तस्राव व्हायचा, अंगावर पुरळ उठायचं, कान सतत वाहायचे. बहिणी मात्र ठणठणीत. तिघेही लहानपणीच गेले. पुढे १९५४ साली अमेरिकेत डॉ. रॉबर्ट अ‍ॅल्ड्रिच यांनी हा आजार आईकडून मुलग्यांकडे येतो हे दाखवलं, आणि १९९४ साली बिघडलेला जनुक सापडला. तो जनुक जे प्रथिन बनवतो, त्याचं काम काय असेल? आर्पच्या टोळीला ‘इथे फांदी फोड’ असं सांगणं! सांगणाराच नसेल तर रक्तातल्या पेशींना नीट सरकता येत नाही, जंतूंना फावतं. विस्कॉट यांच्या हाती काही उपाय नव्हता. आज अस्थिमज्जेचं रोपण करून अशी अनेक मुलं बरी होतात.

उलटाही धोका आहे. युरोपात ‘डेथ कॅप’ नावाची एक विषारी अळंबी उगवते. तिच्यातलं फॅलॉइडिन नावाचं द्रव्य अ‍ॅक्टिनच्या सुतळीला असं घट्ट धरून बसतं, की मणी सुटेचनात. जीव घेणारं मुख्य विष तिच्यात दुसरंच असतं. पण शास्त्रज्ञांनी फॅलॉइडिनला कामाला लावलं. त्याला चमकणारा रंग जोडायचा आणि पेशीवर सोडायचा. सगळ्या सुतळ्या दिवाळीच्या रोषणाईसारख्या उजळतात. अ‍ॅक्टिनची रंगीत चित्रं पुस्तकांत असतात ना, त्यांतली बरीचशी या विषाच्या कृपेने काढलेली.

निघण्याआधी अजून एक ठिकाण दाखवते, ते अगदी जवळ आहे. तुमच्या कानात, आत, शंखासारख्या गुंडाळलेल्या भागात, ऐकण्याचं काम करणाऱ्या सुमारे पंधरा हजार पेशी आहेत. प्रत्येकीच्या डोक्यावर बारीक काड्यांचा तुरा, आणि प्रत्येक काडीत अ‍ॅक्टिनच्या शेकडो सुतळ्या ठासून भरलेल्या. आवाज आला की तुरे हलतात आणि मेंदूला वर्दी जाते. इथे मात्र ती धावती रांग नाही. शेंड्याकडचे थोडे मणी बदलतात, बाकीचे महिनोन्‌महिने जागचे हलत नाहीत. कानाशी सुतळी बाँब फुटला किंवा मिरवणुकीत तासन्‌तास भल्यामोठ्या ध्वनिक्षेपकाच्या तोंडाशी उभं राहिलं, तर हे तुरे वाकतात, मोडतात. पेशी फारच दुखावली तर ती मरते, आणि माणसाच्या कानात तिच्या जागी नवी पेशी उगवत नाही.